खाल्ले, पण बांधले!

एखादी सुंदर वस्तू समोर आली की ती कोणी केली, असे आपण सहज विचारतो. ती कोणत्या पैशातून झाली, हे विचारायला मात्र जीभ रेटत नाही. देवळाचा सोन्याचा कळस पाहून हात जोडावेत, की तो चढवणाऱ्या सावकाराच्या वह्या मागवाव्यात? पंगतीत जिलबी वाढली जात असताना यजमानाची मिळकत विचारणारा माणूस कोणालाच आवडत नाही. आणि तो आवडत नाही हे एका परीने रास्तही आहे. सौंदर्याचा आस्वाद घेण्याची वेळ ही हिशेबाची वेळ नव्हे, अशी आपली एक सभ्य समजूत असते.

पण काही वास्तूंपुढे उभे राहिल्यावर हा प्रश्न टाळता येत नाही. त्या कोणा सावकाराने स्वतःच्या पुण्यासाठी बांधलेल्या नसतात. तुमच्या-आमच्या पैशाने आणि तुमच्या-आमच्या नावाने बांधलेल्या असतात. लोकांच्या प्रतिनिधींनी जिथे बसून कायदे करायचे, ते विधानभवन ही अशीच वास्तू. राजवाडा पाहताना आपण पाहुणे असतो. विधानभवन पाहताना आपण, निदान कागदोपत्री तरी, मालक असतो. आणि मालकाने हिशेब विचारला तर त्याला असभ्य कसे म्हणावे?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे विधानभवन पाहताना हा प्रश्न फार ठसठशीतपणे पुढे येतो. मुलाबाळांकडे न्यू जर्सीला किंवा फिलाडेल्फियाला गेलेले मराठी आईवडील नायगारा पाहतात, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहतात. सस्क्वेहाना नदीच्या काठी असलेल्या हॅरिसबर्ग या राजधानीच्या गावाकडे वाट वाकडी करून सहसा कोणी जात नाही. जे जातात त्यांना मात्र फेरी फुकट पडत नाही, असे मी अनुभवाने सांगतो. (एरवी ती फुकटच असते, मार्गदर्शकासह वास्तू पाहायला तिथे पैसे पडत नाहीत.)

या वास्तूची जन्मकथा कंजूषपणापासून सुरू होते. जुने विधानभवन २ फेब्रुवारी १८९७ रोजी आगीत जळून गेले. नवे बांधायचे ठरले तेव्हा विधिमंडळाने हात आखडता घेतला आणि साडेपाच लाख डॉलर मंजूर केले. हेन्री आयव्हज कॉब या वास्तुविशारदाने त्या पैशात जे उभे केले ती विटांची एक ओकीबोकी, अर्धवट इमारत होती. लोकांना ती कारखान्यासारखी वाटली. एवढ्या श्रीमंत राज्याची सभा अशा कोठारात भरावी याची सर्वांना लाज वाटू लागली. कंजूषपणा आणि उधळपट्टी या सख्ख्या बहिणी आहेत. पहिलीने घर लाजवले की दुसरीला माहेरी बोलावले जाते. इथेही तसेच झाले. नवी स्पर्धा जाहीर झाली. जोसेफ ह्यूस्टन या फिलाडेल्फियाच्या पस्तिशीतल्या वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला. १९०२ साली काम सुरू झाले आणि ४ ऑक्टोबर १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट समारंभाला आले. आपण पाहिलेली ही सर्वांत देखणी इमारत आहे, असे ते म्हणाल्याचे सांगतात.

रूझवेल्ट यांनी भिडेखातर म्हटले असेल असे वाटत नाही. २७२ फूट उंचीचा घुमट रोमच्या सेंट पीटरच्या घुमटावरून सुचलेला. आतला भव्य जिना पॅरिसच्या ऑपेरागृहाची आठवण करून देणारा. बाहेर व्हरमाँटचा ग्रॅनाइट, माथ्यावर हिरव्या झिलईची कौले. घुमटाखाली उभे राहून मान वर केली की आतल्या कड्यावर विल्यम पेनच्या पत्रातले शब्द दिसतात. १६८१ साली इंग्लंडच्या राजाकडून या भूमीची सनद मिळवणारा हा क्वेकर पंथाचा गृहस्थ. आपली वसाहत म्हणजे एक पवित्र प्रयोग व्हावा, जगातल्या राष्ट्रांना त्यातून उदाहरण मिळावे, ही त्याची आकांक्षा.

मान वर करून दुखली की खाली पाहावे. माझ्या मते या वास्तूतली खरी श्रीमंती पायाखाली आहे. हेन्री मर्सर नावाच्या विद्वान कारागिराने हाताने भाजलेल्या तांबूस फरश्या इथे बसवल्या आणि त्यांत सुमारे चारशे चित्रे मांडली. सामान्य माणसांची अवजारे हाच खरा इतिहास, असे मानणारा हा मनुष्य. त्यामुळे या चित्रांत सेनापतींची गर्दी नाही. सूत कातणारी बाई आहे, लाकूडतोड्या आहे, पोलाद ओतणारा मजूर आहे. पशुपक्षी आहेत, किडेसुद्धा आहेत. वर कायदे करणारे बसतात आणि ज्यांच्यासाठी कायदे करायचे ते जमिनीवर पसरलेले आहेत, ही मांडणी त्याला कशी सुचली असेल कोण जाणे!

भिंतींवर व्हायोलेट ओकली या चित्रकर्तीची चित्रे आहेत. बाईमाणसाला एवढे मोठे सार्वजनिक काम देण्याची तिकडेही तेव्हा रीत नव्हती. गव्हर्नरच्या भेटीच्या दालनात तिने धर्मस्वातंत्र्याची कथा रंगवली. पुढे एडविन ॲबी हा नामांकित चित्रकार १९११ साली वारला, तेव्हा सेनेटचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे दालनही तिच्याकडे आले. ते काम १९२७ पर्यंत चालले. न्यायालयाच्या दालनात तिने जो विषय घेतला तो कायद्याच्या उत्क्रांतीचा. पंचवीस वर्षे एकाच वास्तूत एका बाईने न्याय, शांती आणि स्वातंत्र्य यांचे ध्यान केले. आणि त्याच वास्तूत, तिच्या शिड्यांच्या खालून, दुसराच एक उद्योग होऊन गेला होता.

तो उद्योग असा. इमारत बांधण्यासाठी कायद्याने ४० लाख डॉलरांची मर्यादा घातली होती आणि भिंती, घुमट, छप्पर हे सारे त्याच्या आत बसले. लोक खूश झाले. मग एकूण आकडा बाहेर आला, तो १ कोटी ३० लाखांच्या घरात! वरचे ९० लाख कुठे गेले? तर सजावटीत. टेबले, खुर्च्या, झुंबरे, लाकडी नक्षी यांचा खर्च दुसऱ्या एका मंडळाच्या हातात होता आणि त्याला मर्यादा नव्हती. ठेकेदाराचे नाव जॉन सँडरसन. त्याच्या करारात सामानाचा भाव फुटावर ठरला होता, फुटाला १८ डॉलर ४० सेंट. फूट लांबीचा, की चौरस, की घन, हे मात्र कोणी लिहिलेच नव्हते. ज्या वस्तूला जो फूट सोयीचा, तो लावला गेला. दिव्यांचे पितळ पौंडावर विकले गेले. जिथे वजनाला दाम मिळतो तिथे झुंबरे जड होतात, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आपल्याकडच्या दूधवाल्यालाही त्याची उलटी बाजू ठाऊक असते.

विल्यम बेरी हा विरोधी पक्षाचा मनुष्य १९०५ च्या निवडणुकीत राज्याचा खजिनदार म्हणून निवडून आला आणि पुढच्या वर्षी अधिकारावर बसला. त्याने बिले काढून वाचायला सुरुवात केली. दीडशे डॉलरांची निशाणकाठी साडेआठशेला लागली होती. बूटपॉलिशासाठी बसण्याचा चौथरा, किंमत १२५ डॉलर, बिल १,६१९ डॉलर. चौकशी झाली. १९०८ साली ठेकेदार सँडरसन, माजी हिशेबतपासनीस, माजी खजिनदार आणि इमारतींचा अधीक्षक असे चौघे दोषी ठरले. त्यांपैकी दोघे शिक्षा भोगण्याआधीच मरण पावले. १९१० साली वास्तुविशारद ह्यूस्टनही दोषी ठरला आणि पुढे काही महिने तुरुंगात राहिला. घुमट ज्याने कागदावर काढला, त्याच हाताने फुगवलेल्या बिलांवर सही केली होती.

ही सारी हकीकत ऐकल्यावर आमच्या बरोबरचे एक वयस्कर गृहस्थ घुमटाकडे पाहत मला म्हणाले, “खाल्लं असेल हो, पण बांधलं बघा कसं! आमच्याकडे खातात आणि बांधतही नाहीत.” सगळे हसले. मीही हसलो. पण हॅरिसबर्गहून परतताना घुमट मागे राहिला आणि हे वाक्य मात्र बरोबर आले.

वाचकहो, हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरी राहते. निवडणूक आली की ते ओसरीवर येऊन बसते. ‘खातो, पण काम करतो’ ही आपल्याकडे आता निंदा राहिलेली नाही. ती शिफारस झाली आहे. म्हणून त्या विनोदाला जरा उजेडात धरून पाहावे असे वाटते. दिवाळीत घराचे कोनेकोपरे झाडतो, तसे एखादे वाक्यही झाडावे.

या वाक्यात ‘पण’ हा शब्द फार लबाड आहे. खाणे आणि बांधणे यांच्यात तो असे काही नाते जोडतो की जणू न खाता बांधणे झालेच नसते. हॅरिसबर्गला हे नाते तपासून पाहता येते. मर्सरच्या फरश्या चोरीमुळे सुंदर झाल्या नाहीत; ओकलीच्या चित्रांतला एक रंगही लाचेने उजळला नाही. बूटपॉलिशाचा चौथरा १२५ डॉलरांना घेतला असता तर त्यावर बसणाऱ्याचा बूट कमी चमकला असता काय? सौंदर्य कारागिरांनी निर्माण केले आणि चोरी कागदावर झाली. दोन्ही एका छपराखाली घडले एवढाच त्यांचा संबंध. उंदीर देवघरात राहतो म्हणून पूजा त्याच्यामुळे चालते असे कोणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, खाणारा नेमके कोणाचे खातो? ‘सरकारचे’ असे आपण म्हणतो, आणि सरकारचे म्हणजे कोणाचेच नाही असे मनात समजतो. या वास्तूच्या दाराशी डावीउजवीकडे संगमरवरी पुतळ्यांचे दोन समूह आहेत, मिळून २७ आकृती. एकीकडे कायदा पाळणाऱ्यांचे श्रम आणि प्रेम. दुसरीकडे कायदा मोडणाऱ्यांचे ओझे. जॉर्ज बर्नार्ड हा शिल्पकार फ्रान्समध्ये हे काम करत होता. घोटाळा उघडकीस आला, पैशाच्या वाटा बंद झाल्या, आणि ज्याने काही चोरले नव्हते त्या बर्नार्डचे पैसे थकले. मजुरांची मजुरी कुठून द्यायची? तो फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून मध्ययुगीन शिल्पे आणि दगडी कमानी गोळा करून विकू लागला आणि त्यावर काम रेटत राहिला. १९११ साली पुतळे उभे राहिले. (त्यांच्या नग्नतेची लोकांना लाज वाटली आणि त्यांना आवरण घालावे लागले, बिलांना आवरण होते तोवर कोणाला लाज वाटली नव्हती!) चोरीची किंमत चोर क्वचितच भरतो. त्याच्या मागून येणारा प्रामाणिक माणूस ती भरतो. ज्याचे बिल खरे असते त्याचेही बिल मग संशयाने वाचले जाते.

बर्नार्डच्या त्या संग्रहातूनच पुढे न्यूयॉर्कचे क्लॉइस्टर्स हे मध्ययुगीन कलेचे विख्यात संग्रहालय आकाराला आले, हे खरे. म्हणजे चोरीतून चांगले निघाले, असे कोणी म्हणेल. पण पाय मोडलेल्या माणसाने अंथरुणात पडून ग्रंथ लिहिला, तर श्रेय माणसाचे. पाय मोडणाऱ्याचे नव्हे.

आता याच्या विरुद्ध टोकालाही एक शुद्ध मत उभे आहे: जे पापातून झाले ते पाहूच नये. या मताचा मला आदर आहे. पण ते मला पटत नाही. समजा, दिवाळीच्या बाजाराला पाठवलेल्या पोराने उत्तम आकाशकंदील आणला, आणि मोड मोजताना आईच्या लक्षात आले की काही पैसे त्याच्या खिशात राहिले आहेत. आईने काय करावे? कंदील फाडून टाकावा? मग पैसेही गेले आणि घरही अंधारात राहिले. ‘कंदील छान आहे ना, मग राहू दे’ म्हणून खिसा तसाच सोडावा? तसे केले तर पुढच्या वर्षी कंदील लहान येईल आणि खिसा मोठा होईल. शहाणी आई कंदील लावते आणि पोराला दिव्याखाली बसवून हिशेब विचारते. या दोन गोष्टींत तिला विसंगती वाटत नाही. विसंगती वाटते ती आपल्यासारख्या शिकलेल्यांना. आपल्याला कौतुक आणि चौकशी एका तोंडाने करता येत नाही.

ज्यांना लुबाडले त्यांचीच ती वास्तू आहे, हे विसरता कामा नये. तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे लुबाडलेल्यांना दुसऱ्यांदा लुबाडणे.

मला अवघड वाटतो तो ह्यूस्टन. ठेकेदाराला कारागिरांपासून वेगळे काढता येते. ह्यूस्टनला त्याच्या घुमटापासून कसे काढायचे? माणूस एकजिनसी असावा अशी आपली भाबडी अपेक्षा असते. सुंदर रेषा काढणारा हात खोटी सही करणार नाही, असे आपल्याला वाटत राहते. हात दोन्ही करू शकतो. घुमटामुळे सही माफ होत नाही आणि सहीमुळे घुमट कोसळत नाही, एवढेच सांगता येते. याहून सोपे उत्तर मला सापडलेले नाही, आणि सापडले तर मी त्याच्याकडे संशयानेच पाहीन.

आणखी एक माणूस या हकीकतीत आहे, तो विचार करायला लावतो. सॅम्युएल पेनीपॅकर हे त्या काळचे गव्हर्नर, विद्वान, माजी न्यायाधीश, स्वतः निष्कलंक. सजावटीचा खर्च ज्या मंडळाकडे होता त्यात तेही होते. त्यांच्यावर खटला झाला नाही. पण १९११ साली त्यांनी या वास्तूच्या बचावासाठी एक पुस्तक लिहिले. वास्तूची विटंबना टीकाकारांनी चालवली आहे, असा त्यांचा रोष. म्हणजे ‘पण बांधले बघा कसे’ हे वाक्य केवळ चोरांचे नाही. चोराला त्याची गरज असतेच. परंतु ते प्रतिष्ठित करतो तो सज्जन. आपल्या डोळ्यांदेखत घडले आणि आपल्याला दिसले नाही, हे सोसणे सज्जनाला फार जड जाते. मग तो घुमटाकडे बोट दाखवतो. आपणही बहुतेक वेळा या पेनीपॅकरांच्याच जागी असतो. आपण खात नाही. पण आपल्या गावच्या रस्त्याचे, शाळेचे, देवळाचे बिल कोणी वाचू लागला तर ‘चांगल्या कामात खोडा घालू नका हो’ असे त्याला आपणच म्हणतो.

बेरीने तो खोडा घातला. काय झाले? घुमटाचा एक दगडही हलला नाही. उलट, माझ्या समजुतीप्रमाणे, ४ ऑक्टोबर १९०६ रोजी उभी राहिली ती एक देखणी इमारत होती. ती विधानभवन झाली १९०८ साली, त्याच गावच्या न्यायालयात जूरीच्या साध्या माणसांनी बड्या अधिकाऱ्यांना हिशेब विचारला तेव्हा. ते झाले नसते तर ओकलीने कायद्यावर काढलेली चित्रे म्हणजे चोरांच्या दिवाणखान्यातली शोभा ठरली असती. तिच्या चित्रांना अर्थ त्या निकालाने दिला. कायदे करण्याच्या जागेला कायदा लागू होतो की नाही, हीच अशा वास्तूची खरी परीक्षा. घुमटाची उंची नव्हे.

बेरीला याचे बक्षीस मिळाले असे मात्र नाही. १९१० साली तो गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. त्या काळी राज्याच्या राजकारणावर ज्यांची पोलादी पकड होती त्या बोइस पेनरोझ यांचा पुतळा विधानभवनाच्या बागेत आजही उभा आहे. (या खटल्यात ते आरोपी नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे.) हिशेब विचारणाऱ्याला लोक धन्यवाद देतात आणि मते दुसऱ्याला देतात, हा प्रकार केवळ आपल्याच मुलखातला नाही.

तरीही एक गोष्ट मनाला बरी वाटते. शंभरावर वर्षे लोटली, वास्तूची नीट निगा राखली जाते, २००६ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. पण ती बिले कोणी जाळली नाहीत. घुमटाची उंची जशी सांगितली जाते, तसाच निशाणकाठीचा भावही सांगितला जातो. शाळेतली मुले रांगेने येतात, मर्सरच्या फरशीवर गुडघे टेकून आपल्या ओळखीचा किडा शोधतात, आणि त्यांच्यातले एखादे त्या बूटपॉलिशाच्या चौथऱ्याची गोष्ट ऐकून विचारतेच, “मग पैसे मोजले कोणी?” मोजणारा एक होता, एवढे त्याला सांगता येते. आपल्या मुलांनी आपल्याकडच्या एखाद्या वास्तूखाली उभे राहून हाच प्रश्न विचारला, तर त्यांना सांगण्यासाठी आपल्याजवळ एक तरी नाव असावे.